दुधाची एक्स्प्रेसो

मंजुळाबाईंच्या खाणावळीत मी पहिल्यांदा जेवायला बसलो, तेव्हा दुसरी भाकरी मागायची मला लाज वाटली आणि मी अर्ध्या पोटी हात धुवायला उठलो. त्यांनी ते पाहिलं. सगळ्या पोरांसमोर मोठ्यानं म्हणाल्या, "अप्पा, लाजून पोट भरत असतं तर मी खाणावळ कशाला घातली असती? बसा खाली." मी बसलो. तेव्हापासून आजतागायत त्यांच्याच हातचं जेवतो आहे.

मी मूळचा देगलूरचा. लातूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं फळीवर लावायचं काम केलं. लग्न राहून गेलं. मंजुळाबाई मुरुडच्या. नवरा लवकर गेला, पदरात अंगद हा एक मुलगा. लातुरात शिकवण्यांसाठी गावोगावची पोरं येऊ लागली तेव्हा त्यांनी एका खोलीत खाणावळ सुरू केली. पोरांना वाढता वाढता त्या नापास झालेल्याला शिव्या देत आणि त्याच्याच ताटात तूप जास्त टाकत. वरण करपलं तर लपवत नसत. दारातच सांगत, "आज वरण लागलंय. खायचं तर खा, न्हाईतर दही घ्या." पोरं हसून खात.

पुढं गुडघे गेले, खाणावळ बंद झाली. अंगद आणि त्याची बायको ऋतुजा बेंगळुरू सोडून लातूरला आले, एका इमारतीत पहिल्या मजल्यावर घर घेतलं आणि आईला तिथं नेलं. अंगद बियाण्याच्या कंपनीत, सदा फिरतीवर. ऋतुजा बँकेत. मंजुळाबाईंनी सुनेला एवढंच सांगितलं होतं, "खाणावळ मोडली, पर एक गिऱ्हाईक ऱ्हायलंय. ते दोन्ही वेळा येतंय." ते गिऱ्हाईक म्हणजे मी.

ऋतुजानं बेंगळुरूहून कॉफीची एक लाल मशीन आणली होती. रोज सकाळी बँकेत जाण्याआधी ती मागची टाकी भरायची, मूठ असलेल्या चाळणीत कॉफीचा बुक्का दाबायची, मूठ फिरवून बसवायची आणि बटण दाबायची. घरघर व्हायची आणि इवल्याशा कपात काळीभोर कॉफी पडायची. ती दोन घोटांत संपायची. तिला ऋतुजा एक्स्प्रेसो म्हणायची.

इथंच घोटाळा होता. आमच्या भागात एक्स्प्रेसो म्हणजे लग्नातली. मांडवाच्या कडेला स्टीलची उंच मशीन असते, तिची नळी दुधात बुडवली की फस्सकन आवाज होतो, दूध फेसाळून वर येतं, त्यात कॉफी आणि साखर, वरून चॉकलेटची चिमूटभर पूड. जेवणापेक्षा तिथं रांग मोठी. अहमदपूरच्या एका लग्नात मी स्वतः दोनदा रांगेत उभा राहिलो होतो. त्या मशीनीतून काळं काही निघताना आम्ही कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळं मंजुळाबाईंची अशी समजूत झाली की मशीन दुधाचीच, सून मात्र अंग धरू नये म्हणून बिनदुधाची पिते. "काढा पिऊन जाती बिचारी," असं त्या मला म्हणायच्या.

मागच्या हिवाळ्यात मला पडसं झालं होतं. दुपारी जेवून बसलो होतो. ऋतुजा बँकेत. मंजुळाबाई म्हणाल्या, "थांबा अप्पा, तुम्हाला एक्स्प्रेसो पाजते." त्यांनी सुनेचं सगळं पाहून ठेवलेलं होतं. मागची टाकी उघडली आणि तिच्यात दूध ओतलं, साखर घातली, दोन वेलदोडे कुटून टाकले. बटण दाबलं. खरं सांगायचं तर पहिला कप निघाला. फेसही होता. मी तो प्यालो आणि म्हणालो, "लग्नातल्यासारखी झालीय." त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी स्वतःसाठी दुसरा कप खाली धरला. मशीन कण्हली, आतून करपल्याचा वास आला आणि ती बंद पडली.

त्यांनी उरलेलं दूध ओतून टाकलं, टाकी विसळली, बाहेरून पुसून काढली.

"थंड झाली की व्हईल चालू. व्हय का न्हाई?"

"होईल," मी म्हणालो. मला काय कळत होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला गेलो तर मंजुळाबाई स्वतः भांडी घासत होत्या. एरवी ते काम बबिताचं. बबिता धुणंभांडी करायला येई, मंजुळाबाईंकडं आणि वर तिसऱ्या मजल्यावर शरणम्मा बिराजदारांकडं. मी विचारलं तर मंजुळाबाईंनी पाठमोऱ्याच सांगितलं.

सकाळी ऋतुजानं बटण दाबलं तर मशीन हलेना. टाकी उघडली तर आंबूस वास. बबिता तेव्हा ओटा पुसत होती. ऋतुजानं विचारलं, "बबिता, यात दूध घातलंस?" बबिता म्हणाली, "म्या न्हाई लावला हात." ऋतुजा बोलली, "मग काय दूध आपोआप आत गेलं? मोडलं तर मोडलं, पण खोटं तरी बोलू नये माणसानं." दार उघडंच होतं. बिराजदार वहिनी जिन्यातून जात होत्या. बबितानं हातातलं फडकं वाळत घातलं आणि निघून गेली. पुढं त्याच आठवड्यात बिराजदार वहिनींनीही तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

"तुम्ही कुठं होता?" मी विचारलं.

"तिथंच. तूर निवडत बसले व्हते." मंजुळाबाई पातेलं घासतच राहिल्या. "तोंड उघडलं, अप्पा. आवाजच आला न्हाई. आन् मग ती गेली बी."

"मग आता सांगा."

"आता सांगितलं तर तवा का न्हाई सांगितलं, त्येचं काय सांगू?"

त्यांनी आणखी एक सांगितलं. ऋतुजा वाईट नाही, पण एकदा तिला फोनवर माहेरी बोलताना त्यांनी ऐकलं होतं, "आई चांगल्या आहेत गं, पण प्रत्येक गोष्टीला हात लावतात." तेव्हापासून सुनेच्या वस्तूंना हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. आणि लावला तो नेमका त्याच वस्तूला.

मग त्यांचं जेवण कमी झालं. मला वाढायच्या आणि समोर बसून राहायच्या. एक दिवस म्हणाल्या, "अप्पा, मी काढलंय डोकं." तसलीच लाल मशीन जुन्या बाजारात मिळवायची. मोडकी न्यायची आणि चालू आणायची. सुनेला सांगायचं, दुरुस्त झाली, बारीकच बिघाड होता, कोणाची चूक नव्हती. मग बबिताला परत बोलवायचं. त्यांच्याजवळ भिशीचे दहा हजार होते, त्याच्या आत बसवायचं. लातुरात घेतलं तर बोभाटा होणार, म्हणून नांदेड. तिथं नजीरभाई होते. पूर्वी लातुरात खाणावळीला मोठी पातेली भाड्यानं देत, आता नांदेडला बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान विकतात.

सुनेला त्यांनी सांगितलं, "अप्पांच्या वळखीचा माणूस हाय नांदेडात, करून देतो म्हणलाय." माझ्या ओळखीचा कोणीही नव्हता. मी मान हलवली.

एसटीत त्यांनी ती लाल मशीन शालीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. अहमदपूरला एक बाई चढली. शेजारी बसता बसता म्हणाली, "नातू काय? निजलाय जणू." मंजुळाबाई "हाव" म्हणाल्या आणि शाल आणखी वर ओढली.

नजीरभाईंनी आम्हाला पाहताच खुर्ची झटकली. "मावशी! अजून जित्या हाव?"

"मरते कशानं? तुझ्या फुटक्या पातेल्यात रांधून बी जगले."

"एक्स्प्रेसो पाहिजे म्हणले नं फोनवर? ये देखो." त्यांनी एका मशीनीवरची चादर ओढली. छातीएवढी उंच, स्टीलची, लग्नातली. "हजार माणूस निघतंय हिच्यावर."

"माझ्या घरात तीन माणसं आन् हे एक अप्पा. हिला ठिवून आम्ही कुठं ऱ्हावं?"

मग त्यांनी शाल सोडली. नजीरभाईंनी लाल मशीनीची टाकी काढून वास घेतला आणि भुवया वर केल्या. "दूध?"

"मग काय घालतेत?"

"मावशी, ये पानीवाली है. पाणी तापतं, पंप त्याला दाबून बुक्क्यातून काढतो. दूध आत गेलं की नळ्यांत जळून बसतं. दूध न्यारं. ते ह्या बाहेरच्या नळीखाली धरायचं."

मंजुळाबाईंनी ती नळी बोटानं चाचपली. "मग लग्नातली?"

"ती एक्स्प्रेसोच न्हाई. नुसती वाफ है दुधाची. नाव तेवढं पडलंय." त्यांनी टाकी परत बसवली. "कुणी केलं हे?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मंजुळाबाई म्हणाल्या, "कामवालीनं."

नजीरभाई खो खो हसले. "तिला बोलो, पुढच्या टायमाला पत्ती बी टाक, चहा बी निघंल!" ती दोन गिऱ्हाइकंही हसली. एक म्हणाला, "काढली का न्हाई तिला?"

"काढली," मंजुळाबाई म्हणाल्या आणि त्याही हसल्या.

मी फळीवरच्या चमच्यांकडं बघत राहिलो.

नजीरभाईंनी तीन मशीनी पुढं मांडल्या. एक चकचकीत होती, तिला घड्याळासारखा मोठा काटा. एक हुबेहूब ऋतुजाच्या मशीनीसारखी, तीच कंपनी, तोच लाल रंग. तिसरी करडी, जड, एका कोपऱ्यात पोचा आलेली. तिघींचा भाव आमच्या दहा हजारांच्या आतला होता. त्यांनी टाक्यांत जारचं पाणी भरलं. "बोअरचं घालू नका, नळ्यांत खडे धरतेत," असं बजावलं आणि एकेक चालू केली.

काट्यावाली फार ओरडली. काटा झुलत होता, पण नजीरभाई म्हणाले, "त्याच्याकडं बघू नका, तो शोभेला है. धार बघा." धार थेंबाथेंबानं तुटत होती. मग लाल. तिची मूठ बसते तिथून पाणी झिरपत होतं आणि कॉफी पातळ, चहासारखी भसकन पडली. "रबर गेलंय. रबर टाकून देतो, पर पंप बी थकलाय. चालंल चार-सहा महिने." शेवटी करडी. तिनं वेळ लावला. आधी काहीच येईना. मग तेलासारखी बारीक, एकसारखी धार सुटली, आणि वर तांबूस साय धरली.

मंजुळाबाईंनी तो कप तोंडाला लावला आणि डोळे मिटले. "कडू किराईत!" थोड्या वेळानं ओठ पुसत म्हणाल्या, "मागून बरं लागतंय पर."

"सून खूश हुईल," नजीरभाई म्हणाले. "पर तुम्हाला लालच पाहिजे म्हणले होते. बांधू?"

त्या दोन्ही मशीनींसमोर उभ्या राहिल्या. लाल नेली तर सगळं ठरल्यासारखं होणार होतं. दुरुस्त झाली म्हणता येणार होतं. चार-सहा महिन्यांनी पुन्हा बिघडली तरी त्यात कोणाचा हात नसणार होता. करडी नेली तर दारातच प्रश्न येणार. मला वाटलं त्या पंपाचा विचार करत आहेत.

"करडी बांध," त्या म्हणाल्या.

मी हळूच म्हणालो, "मंजुळाबाई, ती लाल होती."

"ठाव हाय मला."

परतीच्या गाडीत लोह्यापर्यंत त्या शालीची घडी घालत आणि मोडत राहिल्या. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "घरी मी गप ऱ्हायले व्हते, अप्पा. आज त्या दुकानात तोंडानं बोलले. कुणी विचारलं बी नसतं दुसऱ्यांदा. आन् ते हसले तर मी बी हसले." काही बरं बोलावं म्हणून मी शब्द शोधत होतो. तेवढ्यात कंडक्टर सुट्टे द्यायला आला आणि ते राहून गेलं.

ऋतुजा बँकेतून आली तेव्हा मी ताटावर होतो. तिनं ओट्यावर पाहिलं. "ही कुठली? आपली दुरुस्तीला नेली होती ना?"

"ती न्हाई झाली. ही जुनीच हाय, पर पंप चांगला हाय. बोअरचं पाणी न्हाई घालायचं."

"अहो आई, तुम्ही कशाला पैसे घातले? बबितानं मोडली ती, आणि तुम्ही…"

"बबितानं न्हाई. दूध म्या घातलं."

ऋतुजाला आधी हसू आलं. "तुम्ही? दूध?"

"साखर बी. लग्नातल्यावानी व्हईल वाटलं."

ती हसता हसता थांबली. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. तिनं विचारलं, "मी तिला बोलत होते तेव्हा तुम्ही इथंच होतात ना?"

"हाव."

"ती तुमच्याकडं बघत होती, आई. मला वाटलं, तुम्ही तिची बाजू घ्यावी म्हणून बघतेय." एवढं बोलून ती खोलीत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, "हॅलो बबिता, ऐक तर…" पुढं काही ऐकू आलं नाही. बाहेर येऊन म्हणाली, "फोन ठेवला तिनं." आणि मग सासूकडं न बघता, "मी तिला खोटारडी म्हणाले हो."

दुसऱ्या दिवशी आम्ही बबिताकडं गेलो. माझा उपयोग एवढाच की जिन्यावर मंजुळाबाईंना धरायला कोणीतरी हवं होतं. इमारतीच्या मागं दोन गल्ल्या सोडून तिचं घर. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, म्हणून ती घागरी भरत होती. आम्हाला पाहून थांबली नाही.

"बबिता, दूध म्या घातलं व्हतं," मंजुळाबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या.

"ठाव हाय." तिनं भरलेली घागर बाजूला केली, दुसरी नळाखाली लावली. "वेलदोड्याचा वास येत व्हता मशीनीला. माझ्या घरात असतो काय वेलदोडा?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बसला व्हताव की तिथं. मला वाटलं, मावशी बोलतील."

मंजुळाबाईंनी भिंतीला हात टेकला.

"चूक झाली, बाई. चल घरी. ऋतुजा बी वाट बघून ऱ्हायली."

"नांदेडला गेला व्हताव म्हणं मशीन आणायला," बबिता म्हणाली. "तुमच्या वॉचमननं सांगितलं. नांदेड लांब हाय, मावशी. माझं घर दोन गल्ल्यांवर व्हतं." ती रागानं बोलत नव्हती. राग असता तर मंजुळाबाईंना सोपं गेलं असतं. "मी न्हाई येत तुमच्याकडं. दुसरं काम बघीन. पर बघायला गेले की बाया विचारतेत, तूच का ती दूधवाली? बिराजदार वहिनींनी सांगितलंय समद्यांना. मला येऊन सांगून काय उपेग? मला तर ठावच व्हतं. त्यांना सांगा."

परत आल्यावर मंजुळाबाई पहिल्या मजल्यावर थांबल्या नाहीत. तशाच वर निघाल्या. दर जिन्याला कठडा धरून उभ्या राहायच्या आणि मी "उद्या जाऊ" म्हणालो की पुढं पाऊल टाकायच्या.

शरणम्मा बिराजदारांनी दार उघडलं. मी देगलूरचा म्हणून त्या माझ्याशी नेहमी कानडीत बोलायच्या. "बर्री अप्पा, बर्री. या मंजुळाबाई, बसा की."

मंजुळाबाई बसल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून, दम खात, त्यांनी सगळं सांगितलं. दूध, साखर, वेलदोडा, तूर निवडत गप्प बसलेलं, सगळं. नांदेडच्या दुकानातलंसुद्धा, जे सांगायची काही गरज नव्हती.

वहिनी मोकळेपणानं हसल्या. "एवढंच होय? मी म्हटलं काय झालं! अहो, त्या बायांचं काय घेऊन बसलात. आज न्हाई तर उद्या तिनं काही तरी मोडलंच असतं."

"वहिनी, तिनं काई मोडलं न्हाई. म्या मोडलं."

"हो, कळलं की. पण मी आता दुसरी लावलीय, तिला कशी काढू? तिची पण पोरं आहेत."

"नका काढू तिला." मंजुळाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "ज्या ज्या बाईला बबिताचं सांगितलंत, तिला माझं सांगा."

"अय्या, तुमचं कसं सांगू? इतकी वर्षं पोरांना जेवू घातलंत, लातुरात मान आहे तुम्हाला. लोक काय म्हणतील?"

"जे तिला म्हणले तेच."

"बसा तर आधी. चहा टाकते," म्हणत वहिनी आत गेल्या. आतून पातेल्याचा आवाज आला. वहिनी कोणाला सांगतील असं मला वाटलं नाही, आणि मंजुळाबाईंनाही वाटलं नसावं. मग त्या वळल्या, समोरच्या बंद दाराशी गेल्या आणि तिथली घंटा वाजवली. ते घर कोणाचं, त्यांना माहीत नव्हतं. आतून कोणी तरी "आले, आले" म्हणत येत होतं. मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो.